पुढची खोली वर्गालाच राहील

मी, रत्नव्वा शिवानंद हळ्याळकर, निवृत्त शिक्षिका, राहणार उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ते मुलगा महांतेश यास मिळावे, पुढची खोली वगळून. त्या खोलीत मी शिकायला जड जाणाऱ्या मुलांना वाचायला शिकवले. ती खोली व शब्दपट्ट्यांचे कपाट वर्ग चालवणाऱ्या तेजस्वी पाटील यांना द्यावे. महांतेशला तिथे दुकान हवे होते. "अव्वा, या वर्गातनं कोण साहेब झालंय?" असे त्याने विचारले होते. साहेब कोणी झाले नाही. काय झाले ते लिहिते.

२. मुरगूडच्या बायडाबाई चौगले आपल्या क्रांतीला घेऊन आल्या, तेव्हा ती मुलगी मुळाक्षरांपाशीच अडली होती. शाळेने आशा सोडलेली. बायडाबाई म्हणाल्या, "बाई, शाळेचं ऱ्हाऊ दे. पर कुठं एकटी पडली तर घरला कशी येणार ही?" मी अक्षरे बाजूला ठेवली. पट्टीवरचा अख्खा शब्द दाखवायचा, म्हणायचा, तिची वाट पाहायची. चुकली तर न रागावता पुन्हा म्हणायचा. आधी 'आई', मग 'मुरगूड'. त्यात सबंध वर्ष गेले.

पुढे इथल्या एसटी स्टँडवरच्या गर्दीत मायलेकींची चुकामूक झाली. बायडाबाई रडत माझ्याकडे आल्या. आम्ही शोधत फिरलो. संध्याकाळी शेजाऱ्यांचा फोन आला, क्रांती घरी पोचली होती. मी नंतर विचारले, "ती गाडी मुरगूडची, हे कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय. लिव्हलंतं की."

तेजस्वीने शब्दाची अक्षरे फोडून शिकवण्याची घाई करू नये, एवढीच अट.

३. सोन्याच्या पाटल्या क्रांतीला द्यायच्या होत्या, आणि या कागदावर साक्षही तिचीच हवी होती. वकील म्हणाले, साक्षीदाराला काही दिले की पुढे वाद निघतो. मी क्रांतीलाच विचारले. ती म्हणाली, "पाटल्या नगंत. मी साक्षीला येती." सबब पाटल्या सून मोना हिला द्याव्यात. खोलीच्या भांडणात ती माझ्या बाजूने बोलली.

४. क्रांतीची साक्ष टिकणार नाही, असे महांतेश म्हणतो. साक्षीदाराने मला सही करताना पाहायचे असते. क्रांती आता सज्ञान आहे. ते तिला कळते, याची डॉक्टरांनी तिच्याशी बोलून खात्री केली आहे.

कोल्हापूर, ता. १९ नोव्हेंबर २०२४

सही: रत्नव्वा शि. हळ्याळकर

साक्षीदार:
१. डॉ. कृष्णात माने, कोल्हापूर
२. क्रांती हंबीरराव चौगले, मुरगूड
(वकिलांनी अंगठ्यासाठी शाई पुढे केली. ती तिने परत सरकवली आणि पेन मागितले.)