मौनाचे पंधरा दिवस आणि थर्ड वेलचं पाणी

५ मे
जिवात जीव आला. अकोल्याहून डॉक्टरांचा फोन आला, घशातून काढलेली गाठ साधी निघाली. फोन शोभानं घेतला. मी समोर पाटी घेऊन उभा. ही नुसती "हो... हो... बरं" म्हणते आणि चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. शेवटी फोन ठेवला. म्हणाली, "साधी हाय. बसा आता." आणि माझ्या आधी तीच बसली.

सव्वीस वर्षं वर्गात ओरडणं, वर तंबाखू. घशानं आणखी काय करायचं होतं? डबी शो.नं कुठं टाकली ते विचारलं नाही. पाटीवरसुद्धा नाही.

आता राहिलं मौन. १५ तारखेपर्यंत एक शब्द नाही. कुजबुजही नाही, डॉ. म्हणाले कुजबुज तर जास्त वाईट. पाळलं तर आवाज परत येईल. नाही पाळलं तर असाच घोगरा राहील आणि वर्ग विसरा. मराठीचा मास्तर आणि आवाज नाही. मग ऑफिसात बसून शाळा सोडल्याचे दाखले लिहायचे.

६ मे. मौन दि. ६
रेणू सुट्टीत आली आहे, अमरावतीहून कॉम्प्युटरही उचलून आणला. दिवसभर माझी पाटी पुसताना बघून तिला कंटाळा आला असावा. मैत्रिणीकडची एक सीडी लावली. "नवीन गेम हाय बाबा. यात बोलावं नाही लागत, काय बोलाचं ते नुसतं निवडाचं."

पहिलं मत: रंग फार मातकट. जग संपलेलं आहे. का संपलं ते सांगत नाहीत. नद्या आटल्या, गावं मोडली, एक माणूस रिकामी कॅन घेऊन उन्हात चालला आहे. तो माणूस मी. मे महिन्यात नांदुऱ्याला हे बघायला कॉम्प्युटर कशाला पाहिजे, खिडकी उघडली की झालं.

सुरुवातीला आपला माणूस आपणच घडवायचा. वीस गुण देतात, ते वाटून टाकायचे. ताकद, नजर, पाय, हात, बोलणं, नशीब. मी बोलण्याला दहा दिले. रेणूनं कपाळाला हात लावला. "बाबा, हा मानूस कुत्र्याच्या एका चाव्यात मरन." पाटीवर लिहिलं: कुत्र्याला समजावून सांगू.

मेला. दोनदा.

७ मे
वीज ९ ला गेली, १ ला आली. तोवर डिक्शनरी काढून ठेवली.

थर्ड वेल, म्हणजे तिसरी विहीर, नावाचं गाव लागलं. वेशीवर पहारेकरी, एक डोळा मिटलेला, हातात बंदूक. विचारतो, कोण तू, कशाला आलास. खाली चार उत्तरं. एक खोटं, एक रडकं, एक धमकीचं, एक लांबलचक. मी लांबलचक घेतलं. तो आणखी बोलला, मी आणखी लांबलचक घेतलं. त्यानं बंदूक खाली केली, दार उघडलं.

काय बरं वाटलं. सात दिवसांनी कोणाला तरी बोलून गप्प केलं.

रे. म्हणते, "तो काय सांगून राह्यला ते वाचत जा ना. तुमी तर त्याचं व्हायच्या आधीच निवडता." इंग्रजी लांब असतं, वेळ लागतो. आणि उत्तर आधीच डोक्यात तयार असतं, त्याला मी काय करू.

८ मे
धामणगाव बढ्याहून शो.चा भाऊ प्रल्हाद आला, भेटायला. मी बोलत नाही म्हणजे मला ऐकूही येत नाही अशी त्याची समजूत. शेजारच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं, "भाऊजी, दुखते काय?" मी पाटीवर लिहिलं, नाही. त्यानं पाटी माझ्या हातातून घेतली आणि खाली लिहिलं, "बरं." शो. हसून हसून आत निघून गेली.

मग गेम बघत बसला. बाकी सगळं सोडून जमीन बघत होता. सगळीकडे राख आणि भेगा, मोडक्या मोटारी. बऱ्याच वेळानं म्हणाला, "जमीन तशी वाईट नाही हे. वरतून एक बांध घातला तं हरभरा होईन. हे लोकं बंदुका घेऊन काऊन फिरून राह्यले?"

या गेमबद्दल इतकं शहाणं मत मला तरी सुचलं नव्हतं.

१० मे. मौन दि. १०
काल-परवा डोंगरातल्या झऱ्यावरून चार कॅन पाणी आणलं (गेममध्ये). दोन दुपारी गेल्या त्यात. एकदा वीज गेली आणि सेव्ह केलं नव्हतं, सगळं पुन्हा. आज तो भार घेऊन थर्ड वेलला पोचलो. तिथं पंप दिसला. दाबला तर धो धो पाणी.

विचारसुद्धा केला नाही. चारही कॅन ओतून दिल्या आणि ताज्या भरून घेतल्या. नळ आला की घरातलं शिळं पाणी फेकायचं आणि नवं भरायचं, हे लहानपणापासून बघितलेलं. आई करायची, शो. करते. हात आपोआप चालला.

दोन घोट घेतल्यावर पडदा हिरवा झाला, माणूस गुडघ्यावर आला. पाणी विषारी. रेणू ओरडली, "बाबा, ते पाणी शिळं होत नाही! गेममधी हाय ते!" मग जुनं संभाषण उघडून दाखवलं. पहारेकऱ्यानं वेशीवरच सांगितलं होतं, पंपाचं पिऊ नकोस. मी लांबलचक उत्तर देण्यात मग्न.

वर्गातही असंच होत असेल का माझं? जाऊ दे.

१२ मे
हे लिहायला नको वाटतं पण लिहितो.

सकाळी नळाची पाळी होती, नवव्या दिवशी. शो.नं नेहमीसारखं पाणी टाकायला सुरुवात केली. एक ड्रम गोडलिंबाच्या झाडाला ओतून झाला. दुसऱ्याला हात घातला. मी अंगणात खुर्चीवर. नळाची धार अजून यायची होती, नुसती हवा सूं सूं करत होती. मला काय झालं कुणास ठाऊक, तो पंप डोळ्यापुढं आला. पाटी आत राहिलेली. जाऊन तिचा हात धरला. "काऊन धरता हात? नवं पाणी येऊन राह्यलं नं." हात सोडवून तिनं ड्रम कलता केला.

आणि माझ्या तोंडून निघालं, "थांब."

ती थांबली. तेवढ्यात नळ आला. लाल गढूळ पाणी, चिखलच म्हणायचा. पाच मिनिटं तसंच आलं आणि बंद पडलं. तो दुसरा ड्रम वाचला म्हणून आज जेवलो.

शो.नं विचारलं फक्त, "दुखलं काय?"

१३ मे
दुखत नाही. पण तीन दिवस राहिले असताना बोललो. अकरा दिवस तोंडाला कुलूप आणि शेवटी एका ड्रमासाठी उघडलं. भीती वाटते, सरळ लिहितो. जूनमध्ये शाळा उघडेल, दहावीचा वर्ग समोर बसेल आणि माझ्या घशातून नुसतं घरघर.

पाटीवर दोघींना विचारलं, आवाज कसा होता. रे.: "घोगरा होता बाबा." शो.: "काही घोगरा नव्हता. तुमचाच होता." दोन साक्षीदार, दोन साक्षी. रेणू हातभर अंतरावरचंही नीट ऐकत नाही, कानात सदा गाणी. पण शो. खोटं बोलते, मला बरं वाटावं म्हणून. कोणाचं धरायचं?

१४ मे
खेळलो नाही. कॉम्प्युटर लावला, माणूस पंपापाशी गुडघ्यावर बसलेला दिसला, बंद केला.

१५ मे
दिवसभर काही नाही. पाटी स्वच्छ धुऊन वाळत ठेवली. शो. म्हणाली, "एवढी घाई नका करू." उद्या सकाळच्या गाडीनं अकोला.

१६ मे
घशात नळी घालून बघितलं. डॉ.नी विचारलं, मधे बोललात का? एक बोट वर केलं. "एक दिवस?" नाही म्हणून मान हलवली. "एक वाक्य?" पुन्हा हलवली. शो. म्हणाली, "एक शब्द, साहेब. तेबी माह्यामुळं." डॉ. हसले. एका शब्दानं काही बिघडत नाही म्हणाले. मला तिथंच रडू आलं. येऊ दिलं.

मग "आ" म्हणायला लावलं, मग "ई". निघाला. बारीक, जुन्या सायकलच्या घंटीसारखा, पण निघाला. जखम भरली आहे. आता रोज पाच मिनिटं बोलायचं, हळू, महिनाभर. जास्त नाही. वर्गाचं नंतर बघू म्हणाले. नंतर म्हणजे कधी ते विचारलं नाही, तेवढ्यात मिनिटं गेली असती.

परतीच्या गाडीत घड्याळ शो.च्या हातात. खिडकीशी बसून मी सुरू केलं. म्हणालो, "त्या दिवशी थांब म्हणालो ते पाण्यासाठी. गेममध्ये तसंच झालं होतं." ती म्हणाली, "मले काय मालूम तुमचा गेम. मी पाण्यासाठी थांबली काय? तुमचा आवाज आला म्हून थांबली." दहा गुणांच्या माणसानं पुढचं बोलायला तोंड उघडलं. मग तिनंच घड्याळ पदराखाली झाकलं. "राहू द्या. रेणूसाठी ठेवा."

घरी आल्यावर रे.नं गेम लावून ठेवलेला. माणूस मेलेला नाही, पहारेकरी त्याला झऱ्याचं पाणी पाजतो आहे आणि काहीतरी सांगतो आहे. रे. म्हणाली, "आता शेवटपर्यंत वाचा. आन उत्तर मोठ्यानं म्हना." पूर्ण वाचलं, डिक्शनरी घेऊन, त्याचं होईपर्यंत. चार उत्तरांतलं सगळ्यात छोटं निवडलं आणि म्हणून दाखवलं. रे. माझ्या दंडाला डोकं टेकून बसली.

आजचं अर्धं मिनिट उरलं असेल. शो. आतून विचारते आहे, "झाले काय हो पाच मिनिटं?" उत्तर दिलं तर तेही संपतं.

दिलं.