धोतराआडचं लोखंड

४ फेब्रुवारी १९३४, रविवार
आजपासून रोजनिशी. हायस्कुलात गणित शिकवणाऱ्याला शोभतंच ते.
विशेष: सायकलवरून पडलो. सात रस्ता चौकात दोन्ही हात सोडून चालवण्याचा प्रयोग जवळजवळ यशस्वी झाला होता, तेवढ्यात टांगा आडवा आला. चूक टांग्याची. घोट्याचं हाड चिरलं. डॉक्टरांनी पाय दोन फळ्यांत बांधला. अजिबात हलायचं नाही म्हणे. पाहू.

६ मार्च, मंगळवार
फळ्या गेल्या! आता बुटाला दोन्हीकडून लोखंडी पट्ट्या, घोट्याशी बिजागरी, पोटरीला चामड्याचा पट्टा. डॉक्टरांनी लेक्चर झोडलं. फळी पाय थांबवते, हे लोखंड पायाला चालू देतं, पण वाकडं जाऊ देत नाही. बिजागरी बरोबर घोट्यासमोर हवी. पट्ट्यात एक बोट जायला हवं. आत जाड मोजा. रोज काढून कातडी लाल झाली का बघायची.
मी मान डोलावली. मनात सुधारणा सुरू.

९ मार्च
स्थळ आलं! भवानी पेठेतल्या वेणीमाधव वकिलांची वच्छला. मॅट्रिक. फोटो भूमितीच्या पुस्तकात ठेवलाय. आज वर्गात ते पुस्तक उघडलं आणि काय शिकवलं देव जाणे.
चुलतभाऊ नंदूला चौकशीला पाठवलं. घराण्यात कुणी लंगडंपांगळं नाही ना, एवढं स्पष्ट विचार म्हटलं. उत्तर आलं, येऊन बघा. वा! याला म्हणतात घराणं.
माझ्या पायाचं बोललो नाही. तो तात्पुरता आहे. शिवाय त्यांनी विचारलं नाही.

१३ मार्च
बिजागरी धोतराखालून दिसते. लोहाराकडून चार बोटं वर घेतली. चालताना पोटरी सोलपटते, पण धोतर काय सुंदर पडतं! जाड मोज्यात पाय गोणीसारखा दिसतो, म्हणून रेशमी मोजा. पट्टा करकचून आवळला की लंगडणं दिसत नाही. डॉक्टरांना हे सुचलं नाही, नवल आहे.
एकच अडचण. कर्रर्र वाजतं. नंदू म्हणाला, दादा, तू चालतोस का रहाट चालतोय? तेल घातलं. धोतराला डाग.

१७ मार्च
आई म्हणते, अरे, सांगून टाक की त्यांना. बायकांना डावपेच कळत नाहीत.
डाव असा: आधी जाऊन बसायचं. उठायचंच नाही.

१९ मार्च, सोमवार
कालचा दिवस! नीट लिहितो.
बसलो. उठलो नाही. वच्छला पोहे घेऊन आली. फोटो साफ खोटारडा, ती कितीतरी छान आहे. मी रुबाबात म्हणालो, जरा चालून दाखवता का? ती खिडकीपर्यंत गेली, परत आली.
कोपऱ्यात तिची आत्या बसली होती, दुर्गाबाई. वच्छलेची आई गेल्यावर तिनंच तिला वाढवलं. आत्याबाई म्हणाल्या, मुलीनं दाखवलं, आता मुलानंही चालून दाखवावं. मी हसलो. एकटाच.
उठलो. पाय पार बधिर. जमिनीवर टेकला की नाही ते खाली बघून कळत होतं. कर्रर्र. कर्रर्र.
आत्याबाई म्हणाल्या, हा आवाज ओळखीचा आहे. त्या उठल्या. किर्र! लुगड्याचा काठ वीतभर उचलून दाखवला. लोखंड! बिजागरी, अगदी घोट्यासमोर. लहानपणी तापात पायातली शक्ती गेली म्हणाल्या.
वच्छला म्हणाली, तुमचा पट्टा फार आवळलाय, बोटं निळी पडतील. मी म्हणालो, छे, मजेत आहे. आणि वकीलसाहेबांच्या मांडीवर जाऊन बसलो.
मग वच्छलेनं, स्वतःच्या हातानं, पट्टा सैल करून पुन्हा बांधला! माझ्या पायाला हात लावला! स्थळ पक्कं समजायला हरकत नाही. आज शाळेत सगळ्या पोरांना पास केलं.

२२ मार्च
डॉक्टर पोटरीची जखम बघून लई ओरडले. घोटाही पुन्हा सुजलाय. पाय परत फळ्यांत. म्हणाले, सगळं चुकीचं, फक्त पट्टा तेवढा नीट बांधलाय, एक बोट जातंय. कुणी बांधला?
तिनं बांधला तेव्हापासून मी सोडलाच नव्हता. डॉक्टरांना म्हटलं, मीच.

२५ मार्च, रविवार
भवानी पेठेचा निरोप. नंदूनं खाली बघत सांगितला. वच्छला म्हणते, आत्याचा पट्टा रोज सकाळी मीच बांधते, आणखी एक बांधला असता. पण लंगडंपांगळं नको म्हणणाऱ्यांच्या घरी माझ्या आत्यानं यायचं कसं?
मी म्हटलं, अरे, ते आपलं विचारायचं म्हणून विचारलं होतं! मी स्वतः जाऊन समजावतो. आत्ताच्या आत्ता. टांगा बोलव.
नंदूनं फळ्यांकडे बघितलं. डॉक्टरांनी तीन आठवडे हलू नको म्हणून सांगितलंय.
फोटो त्यांनी परत मागितलाय. पुस्तक भिंतीवरच्या फळीवर आहे, माझा हात पोचत नाही. नंदूनंच काढून नेला.