रस्त्याचा उतार

इटेन, रविवार

प्रिय तापलेलेई ताई,

आधी एवढं वाच आणि निर्धास्त हो: तुझ्या चेप्कोरोसच्या गुडघ्याला ऑपरेशन लागणार नाही.

चूक माझी होती. आठ आठवडे मी तिच्याकडून मांडीचे व्यायाम करून घेतले, धावतानाचे व्हिडिओ काढले, पाऊल कसं पडतं ते तपासलं. तरी उजवा गुडघा दुखतच राहिला. परवा मी स्वतः ती रोज धावते त्या मातीच्या रस्त्यावरून चाललो. तिच्यासोबत सराव करणाऱ्या सगळ्या मुली समोरच्या गाड्या दिसाव्यात म्हणून उजव्या कडेने एका ओळीत धावतात, जातानाही आणि येतानाही. रस्ता कडेला उतरता आहे. तिचा उजवा पाय रोज डाव्यापेक्षा खालीच पडत होता. मी फक्त पाय बघत बसलो, रस्ता बघितलाच नाही.

"दुखत होतं तर ओळ का सोडली नाहीस?" मी विचारलं.

"मुली म्हणाल्या असत्या, आली मोठी नाजूक राणी!"

आता ती शाळेच्या सपाट मैदानावर धावते. जूनच्या निवड शर्यतीपर्यंत ती तयार होईल, असं वचन मी दिलेलं नाही. तुलाही देत नाही. पण काल ती अठराव्या मिनिटाला आपणहून थांबली आणि म्हणाली, "मामा, इथं दुखतंय." आपल्या घरात हे कोण कधी बोललंय? मला इतका आनंद झाला की ती चिडलीच, "हसतोस काय?"

ताई, चहाची पानं खुडून तुझा खांदा कसा आहे? "बरा आहे" असं लिहू नकोस.

तुझा धाकटा,
किबिवोट