टोपीची घडी

३ जानेवारी

ती. ताईस,
प्रभूमध्ये सलाम, वि. वि.

तुझ्या चाळीस टोप्या पोचल्या. खलाशांमध्ये माझ्या प्रवचनापेक्षा तुझ्या लोकरीला मागणी जास्त आहे, हे निमूट मान्य करतो. बंदराच्या फाटकावर पास दाखवून रोज एकेका जहाजावर चढतो, शुभवर्तमान आणि टोप्या वाटतो, कुणी म्हटलं तर प्रार्थना करतो. काल मात्र एका जहाजावर कुणी तोंडच उघडेना. कप्तान माझी पाठ सोडत नव्हता. निघताना इंजिनाला तेल घालणाऱ्या खलाशाने टोपी परत दिली. घट्ट होते, आतून बघा, असं दोनदा म्हणाला. मी बघितलं, शिवण तर ठीक वाटली. नेहमीसारखी तुझ्याकडे पाठवतोय, उसवून मोठी कर. जहाज नऊ तारखेला सुटणार आहे, त्याआधी मिळाली तर बरं. गुडघे काय म्हणतात?

तुझा धाकटा

७ जानेवारी

चि. पाद्रीबुवास,
अ. आ.

पार्सल आज सकाळी आलं. टोपीच्या काठाची घडी मी लोकरीनेच शिवते, ही पांढऱ्या दोऱ्याने टाचलेली होती. उसवली तर आत चिठ्ठी. स्वयंपाकी अकरा दिवस तापाने फणफणतोय, कप्तानाने त्याला कोठारात ठेवलंय, डॉक्टर बोलावत नाही, आणि हे कुणी सांगितलं ते कळलं तर माझी धडगत नाही, असं लिहिलंय.

आतून बघा म्हणाला आणि तू शिवण बघितलीस. धन्य आहे तुझी. रागावू नकोस. तार चार जणांच्या डोळ्यांखालून जाते, म्हणून हे पत्र बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतेय. तुझ्याच हातात देईन, असा शब्द दिलाय त्याने. दोनच दिवस उरलेत. त्या खलाशाचं नाव ओठांवर आणू नकोस.

तुझी ताई

९ जानेवारी

ती. ताईस,
प्रभूमध्ये सलाम, वि. वि.

पत्र काल सकाळी मिळालं. माझ्या वेंधळेपणापायी त्या माणसाचे सहा दिवस गेले, हे मनातून जात नाही. तसाच बंदराच्या डॉक्टरांकडे धावलो. तक्रार लेखी द्या, खोटी निघाली तर पास जाईल, म्हणाले. सही केली.

डॉक्टरांबरोबर लगेच जहाजावर चढलो, तर कप्तानाने सगळ्यांना डेकवर ओळीत उभं केलं. स्वयंपाकी मागच्याच बंदरात उतरला, असं सांगितलं आणि ही आवई कुणी उठवली म्हणून एकेकाच्या डोळ्यांत बघू लागला. आपला माणूस माझ्या समोरच होता, बोडक्या डोक्याने. त्याच्याकडे न बघताना माझी मान दुखून आली. मला कुणीच काही सांगितलं नाही, गेल्या खेपेला कोठारातून कण्हणं मीच ऐकलं, असं मी म्हणालो. ताई, गळ्यात क्रूस घालून मी धडधडीत खोटं बोललो.

डॉक्टरांनी कोठार उघडायला लावलं. स्वयंपाकी पोत्यांवर पडला होता, श्वास चालू होता. इस्पितळात आहे, वाचेल म्हणतात. जहाज आज सुटलं. मिशनचे लोक हेरगिरी करतात, अशी कप्तानाची तक्रार आहे, म्हणून पास तीन महिने काढून घेतलाय.

तुझा धाकटा

१४ जानेवारी

चि. पाद्रीबुवास,
अ. आ.

खोट्याचं काय ते तू देवाशी बघून घे, माझ्याकडून माफ आहे. स्वयंपाक्याला भेटायला पास लागत नाही, तेव्हा रोज जात जा.

त्या खलाशाची टोपी मी शिवून जपून ठेवलीय. तो कधी परत आला तर त्याच्या डोक्यावर तूच घालायची. आणखी तीस नव्या टोप्या आज पाठवतेय. त्यांच्या घड्या मी मुद्दाम शिवलेल्या नाहीत. तुझ्या जागी जो जाईल त्याला सांग, परत आलेली टोपी आधी आतून बघायची.

लोभ आहेच, पत्र मात्र लवकर येऊ दे.

तुझी ताई