अज्ञान खातेदार

बाबा, बँकेचं पत्र तुझ्या नावानं आलं. आईनं ते न फोडता फ्रिजवर ठेवलं आणि शनिवारी मी घरी आल्यावर म्हणाली, "तुझ्या बाबाला पत्र आलंय. बघ काय बोलतात." केवायसी न केल्यामुळे खातं बंद केलं आहे, महिनाअखेरपर्यंत संपर्क साधावा, असं ते बोलत होते. खाली खात्याचा प्रकार होता: अज्ञान, पालकामार्फत. अज्ञान म्हणजे मी. मी सत्तावीस वर्षांची आहे आणि कारखान्यातली दाबमापकं बरोबर दाखवतात की नाही हे तपासून सही करते.

तो शब्द तुला आठवेल. मला चौथीत शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा तू मिठागरावरून तसाच मला बँकेत घेऊन गेलास, टाचा मिठानं पांढऱ्या. कारकुनानं मान वर न करता विचारलं, "मुलगी अज्ञान ना?" तू दोन्ही हात काउंटरवर ठेवलेस. "अज्ञान कशी? वर्गात पयली येते ती! शिष्यवृत्ती काय अज्ञानाला देतात?" रांग हसली. अठराच्या आतल्याला कायद्यात अज्ञान म्हणतात, असं त्यानं समजावलं. मीही हसले होते. बाहेर आल्यावर तू म्हणालास, "लोकं हसली तं हसली. तू कशाला हसलीस?" एवढंच. स्टँडवर मला वडापाव घेऊन दिलास, स्वतः खाल्ला नाहीस. घरी पोचेपर्यंत मात्र राग गेला होता, कारण दारातूनच हाक आली, "अज्ञान बाय, पाणी आण गो." पुढे ते नावच पडलं.

शनिवारीच ग्राहक सेवेला फोन लावला. एकोणीस मिनिटं तीच धून वाजली, मग एक मुलगी आली. "मॅडम, खातं मायनरचं आहे. पालकांना फोन देता का?"

"मायनर मीच आहे. सत्तावीस वर्षांची."

"हो मॅडम, पण सिस्टिममध्ये मायनर दाखवतंय."

"जन्मतारीख दिसतेय ना? मग वजाबाकी करा."

"मॅडम, पालकांच्या सहीशिवाय तो ऑप्शनच येत नाही."

आई बोंबील साफ करत बसली होती. मान खालीच ठेवून म्हणाली, "तिला सांग, मिठागरावर गेलाय. भरती लागली का येल." आई हसली नाही, मीही नाही. फोन कट झाला. पुन्हा लावला, तर पहिल्यापासून सगळं.

सोमवारी रजा टाकून शाखेत गेले. तिथे एक फॉर्म मिळाला. त्यात शेवटी एक ओळ होती: पालक मयत असल्यास दाखला जोडून खातेदारानं तसं स्वतः लिहून द्यावं. तू गेलास तेव्हा मी दहावीत होते. सगळे कागद काकानं केले, सह्या त्यानं आणि आईनं. मला कुठेच काही लिहून द्यावं लागलं नव्हतं. मी नाव, पत्ता, जन्मतारीख भरली. ती ओळ कोरी ठेवून फॉर्म पुढे केला. काउंटरवरचा मुलगा माझ्याच वयाचा होता. त्यानं स्क्रीन पाहिली आणि म्हणाला, "वडिलांना एकदा घेऊन या ना मॅडम. सही जुळली की पाच मिनिटांचं काम."

स्क्रीनवर तुझी सही दिसत होती. पहिलं अक्षर नीट, पुढची घाईत. दाखला माझ्या बॅगेत होता, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, दोन झेरॉक्ससकट. चेन अर्धी उघडलीही होती.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. बँकेकडे तुझा पत्ता आपल्या घराचाच आहे. त्यांच्या पाकिटावर तुझं नाव आहे, त्यातच घडी करून ठेवते. कामावर आकडा दशांशानं चुकला तरी मी सही करत नाही, बाबा. पण मी त्या मुलाला म्हणाले, "गुरुवारी घेऊन येते." त्यानं डायरीत लिहिलं: गुरुवार, वडील येणार. मी ते वाचलं आणि खोडायला सांगितलं नाही.