आपला आठवडा

प्रिय भोपळ्या,

एवढा मोठा बाप्या झालास, तुझ्या हाताखाली माणसं कामाला आहेत, तरी पत्रात मी तुला भोपळ्याच म्हणणार. फोनवर तू घाईत असतोस आणि मी बावळट होते. बोलायचं असतं एक आणि विचारत बसते तुझ्या खोकल्याचं. म्हणून हे पत्र. हातातलं काम ठेव आणि निवांत वाच.

पहिली बातमी आनंदाची. तळ्याकाठची ती खोली सुटली. आपल्या गळ्यात पडलेला तो टाइमशेअर गेला एकदाचा!

तो घेतला तो दिवस तुला आठवतो का रे? फुकट जेवण आणि वर एक छत्री मिळणार म्हणून आपण त्या हॉलमध्ये शिरलो होतो. कोटातला तो विक्रेता तुझ्या बाबांना वाक्यावाक्याला ‘सर’ म्हणत होता. उभा जन्म गोदामात खोकी उचलण्यात गेलेल्या माणसाला त्याआधी कोण सर म्हणालं होतं? विरघळले बिचारे. दरवर्षी एक आठवडा हक्काची खोली, आणि तुमच्यानंतर तुमच्या मुलाला, असं तो म्हणाला आणि बाबांनी सही ठोकली. बाहेर आले ते असे, की जणू अख्खं तळंच विकत घेतलंय. मला तेव्हाच धाकधूक वाटत होती, पण इतक्या खूश झालेल्या माणसाच्या आनंदावर विरजण कोण घालणार?

आणि खरं सांगू, सुरुवातीला मजा आलीच. तू तिथंच पोहायला शिकलास. बाबा बाल्कनीतल्या खुर्चीत तोंडावर वर्तमानपत्र घेऊन घोरायचे आणि त्यांच्या श्वासाबरोबर बातम्या वरखाली व्हायच्या. पुढं तू परदेशी गेलास, मग बाबा गेले. आठवडा मात्र इमानेइतबारे दरवर्षी येत राहिला. तोही हळूहळू उन्हाळ्यातून सरकत ऐन थंडीत जाऊन बसला, आणि देखभालीचा खर्च तेवढा वाढत गेला. पैसे भरलेत तर वाया कशाला घालवायचे, म्हणून मी एकटीच जायचे. बाल्कनीत दोन खुर्च्या. एकीत मी, दुसरीत माझी शाल. धुक्यात तळंही दिसायचं नाही. तुला फोनवर सांगायचे, खूप छान वाटलं.

एकदा त्यांच्या ऑफिसातल्या मुलीला मी विचारलं, की बाई, हे बंद कसं करायचं? ती लाडानं म्हणाली, “काळजी करू नका आजी, तुमच्यामागं ते आपोआप मुलाच्या नावावर होईल.” मला दरदरून घाम फुटला. तुला देण्यासारखं माझ्याकडं दुकानातलं शिलाई मशीन आहे, बाबांचं नाक तुला जन्मतःच मिळालंय, तेवढं पुरे. हे लोढणं तुझ्या गळ्यात बांधून मी डोळे मिटणार नव्हते.

मग खटपट सुरू झाली. फोन केला की गाणं वाजायचं, गाणं संपलं की फोन कटायचा. एक गोडबोल्या तर म्हणाला, तुमचा आठवडा मी विकून देतो, फक्त माझी फी आधी पाठवा. मी पाठवणारच होते. पण त्याच सुमारास माझा आठवडा आला. तिथं सकाळी चहाबिस्किटांवर सगळ्यांना बोलावतात आणि आणखी मोठी खोली गळ्यात मारायला बघतात, तुला माहीत आहे. भाषण रंगात आलं होतं आणि मागच्या रांगेतले एक उंच गृहस्थ उठून म्हणाले, “साहेब, यातून बाहेर पडायचा रस्ता कुठला?” त्या भाषणवाल्यानं भाबडेपणानं दाराकडं बोट दाखवलं. अख्खा हॉल हसला. मी तर इतकी हसले, की चहा नाकात गेला. रुमाल त्यांनीच पुढं केला.

लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. हा आठवडा त्यांच्या बायकोनं घेतलेला. तिला पाण्याची भारी हौस, आणि यांना पोहता येत नाही. ती गेल्यावरही ते येतच राहिले, माझ्यासारखेच. मी गोडबोल्याचं सांगितलं तर म्हणाले, “मी फसलोय त्याला. तुम्ही नका फसू.” इतक्या सरळपणे स्वतःची फजिती सांगणारा पुरुष मी क्वचितच पाहिलाय.

आम्ही ठरवलं, आता फोन नाही, थेट मुख्य कचेरीत जाऊन बसायचं. भांडायला म्हणून त्यांना बरोबर नेलं, तर ते भांडणात अगदीच कुचकामी निघाले. पहारेकऱ्याशी गप्पा काय मारल्या, त्याच्या सांधेदुखीवर तेल काय सुचवलं! मी आपली गिऱ्हाइकाचा कोट घेऊन गेले होते, स्वागतकक्षातच अस्तराला टाके घालत बसले. रोज जायचं, रोज बसायचं. एके दिवशी काउंटरवरच्या मुलीच्या स्कर्टची चेन तुटली, बिचारी रडकुंडीला आली. तिला आडोशाला नेऊन मी ती चेन बसवून दिली. जाता जाता ती कानाशी पुटपुटली, “मावशी, आठवडा परत घेतात. तिसरा मजला. पण कुणी समोर येऊन मागितल्याशिवाय सांगायचं नाही, असा हुकूम आहे.”

तिसऱ्या मजल्यावरचा साहेब तुझ्याच वयाचा. बराच वेळ नियम ऐकवत होता. मग मी एवढंच विचारलं, “ज्यांनी हे घेतलं ते नाहीत. ज्याच्यासाठी घेतलं तो सातासमुद्रापार आहे. त्या खोलीत तुम्ही नेमकं कुणाला बोलावताय?” त्यानं कागद मागवले.

सही करायची वेळ आली आणि माझा हात थांबला रे. वाटलं, बाबांची एवढी हौस, ती मी परत करतेय. त्या बाल्कनीतून त्यांना उठवून बाहेर काढतेय. डोळे भरून आले. साहेब अवघडून खिडकीबाहेर बघायला लागला. तेव्हा लिफ्टवाले शेजारून हळूच म्हणाले, “बाई, ते तिथं राहत नाहीत. वर्षातून एकच आठवडा तर मुळीच नाही.” मला रडता रडता हसू आलं. मी सही केली. मग त्यांनी केली, पण त्याआधी बायकोच्या नावाशी येऊन त्यांचं पेन अडलं. पेन मी धरलं नाही, पण कोपर धरलं.

बाकी इकडं ठीक. दुकान बरं चाललंय. शटर आता कुरकुरत नाही, लिफ्टवाल्यांनी वंगण घातलं. ते एक पँट आखूड करायला घेऊन आले, पुढच्या आठवड्यात तीच लांब करायला. शेजारीण डोळे मिचकावून म्हणते, तुझं हे गिऱ्हाईक वाढतंय की आक्रसतंय? संध्याकाळी ते शब्दकोडं मोठ्यानं वाचतात आणि मी काजं करता करता उत्तरं सांगते. परवा मला ताप होता तर त्यांनी भात केला, तो चमच्यानं नाही, सुरीनं कापावा लागला. मी सगळा खाल्ला.

तू हुशार आहेस, एव्हाना ओळखलंच असशील. पुढच्या महिन्यात आम्ही नोंदणी करून लग्न करतोय. हे सांगायलाच तुला इतक्यांदा फोन केला आणि दर वेळी तुझ्या खोकल्यावरच गाडी अडली. परवानगी मागत नाही, सोन्या, त्या वयाची मी राहिले नाही. पण तुला वाईट वाटेल का, या विचारानं घास उतरत नाही. वाटलं तर तसं लिही, मी वाचीन, रागावणार नाही. तुझ्या बाबांवरची माझी माया कमी झालेली नाही. हे लिफ्टवाल्यांनाही माहीत आहे, आणि तेही त्यांच्या बायकोविषयी माझ्याशी तासन्‌तास बोलतात. नोंदणीच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. त्यांच्या बाजूनं त्यांची बहीण आणि तिचे यजमान येणार आहेत. माझ्या बाजूनं कोण, असं तिथल्या कारकुनानं विचारलं. शेजारीण तयारच होती, पण मी म्हटलं, थांबा, ती जागा रिकामी ठेवा, मला आधी एकाला विचारायचंय.

येशील?

तुझीच,
आई