स्टिअरिंगचा पिवळा दिवा

आबा, परवा गॅरेजवर एक गाडी आली होती. तिच्याबद्दल तुम्हालाच सांगायचं आहे, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. आईला सांगितलं तर ती रडेल. मित्रांना सांगितलं तर एखादा हसेल, आणि मग माझा हात उठेल. तो लवकर उठतो हे तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही गेल्यावर आणखी लवकर उठायला लागला.

मी आता वरवंडला हायवेच्या गॅरेजात काम करतो. हे वाचून तुमचं तोंड कसं होईल ते मला दिसतं. आपलं पोरगं स्टिअरिंगमागं बसायला नको, टेबलामागं बसायला पाहिजे, असं तुम्ही शिरूरच्या खोलीत स्टोव्हवर भाकरी टाकता टाकता म्हणायचात. दिवाळीच्या सुट्टीत मी तुमच्याकडं राहायला यायचो. पहाटे तुम्ही कंपनीची बस काढायचात, शिरूरचे कामगार भरून कोरेगाव भीमाकडं निघायचात, आणि मी इंजिनच्या गरम झाकणावर गोधडी टाकून बसायचो. एकदा डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लागला. तो सारखा डोळ्यांत येत होता, म्हणून मी च्युइंगगममधलं वाघाचं स्टिकर त्याच्यावर चिकटवलं. मला वाटलं, तुम्ही शाबास म्हणाल. तुम्ही बस कडेला घेतलीत, स्टिकर नखानं खरवडून काढलंत आणि सगळ्या कामगारांसमोर माझ्या पाठीत एक रट्टा घातलात. "दिवा झाकला म्हंजी दुखणं जातंय व्हय रं? मागं माणसं बसल्यात." एवढंच बोललात. मग डबा उघडून आधी मला भाकरी दिलीत. मी रडत रडत ती खाल्ली.

ती गाडी मी लांबूनच ओळखली. पांढरी, मोठी एसयूव्ही, सेकंडहँड घेतलेली, पुढच्या दाराला पोचा आलेला. पूर्वी ती रोज सकाळी खुटबाव स्टेशनवर एका मुलीला सोडायला यायची. ती मुलगी दौंडच्या शटलमध्ये खुटबावला चढायची आणि मी कडेठाणला. मधल्या केडगावला कितीही गर्दी झाली तरी तिच्या शेजारच्या जागेवर तिचा डबा ठेवलेला असायचा. मी आलो की डबा मांडीवर घ्यायची. ती बी.कॉम. करत होती, मी डिप्लोमा. आमचं सगळं त्या शटलमध्ये झालं, आबा, भांडणसुद्धा. कॉलेजात एका पोरानं तिचं नाव आणि आपली जात एकाच वाक्यात घेतली, आणि पुढं काय झालं ते मला नीट आठवत नाही. त्याचं नाक फुटलं होतं एवढं आठवतं. सर म्हणाले, वडलांना घेऊन ये, माफीनामा लिहून दे, विषय मिटवू. आई आली असती. पण 'वडलांना घेऊन ये' हे ऐकलं आणि मी दप्तर उचलून जो निघालो तो परत गेलोच नाही.

मग तिच्या घरी कळलं. तिचा फोन काढून घेतला. शेवटची ती पाटसच्या फलाटावर भेटली, मैत्रिणीला बरोबर घेऊन. मी म्हणालो, चल, आत्ताच्या आत्ता चल. तर म्हणाली, "तू चिडतोस तवा मला भ्या वाटतं. तुझं न्हाई, तुझ्यासाठी." आणि मग, "मला त्यांना न्हाई म्हणता येत न्हाई रे." मी तिथल्या बाकावर इतक्या जोरात लाथ मारली की माझाच अंगठा सुजला. ती शटलमध्ये चढली तेव्हा मी अंगठा धरून बसलो होतो. आमचा निरोप तसा झाला.

तर परवा दुपारी ती गाडी हेलकावत गॅरेजात शिरली. तिचा भाऊ चालवत होता, घामानं भिजलेला. "स्टिअरिंग दगडावानी झालंय," म्हणाला. "दौंडहून येतोय. पाटसच्या पुढं हा दिवा लागला न् चाक फिरंनाच." मग त्यानं मला पाहिलं. मी त्याला पाहिलं. मागच्या सीटवर तिची आई होती, साड्यांच्या पिशव्यांत बुडालेली. आणि तिच्या शेजारी ती. दोन्ही तळहात वर करून बसलेली, ओल्या मेंदीचे. दुसऱ्या दिवशी हळद होती. त्याच्या पुढच्या दिवशी लग्न, आणि मग ह्याच गाडीतून शिरूरला जायचं होतं. तिला दिलंय ते घर शिरूरचं आहे, आबा. माझ्यासाठी शिरूर म्हणजे तुम्ही होता. आता तेही राहिलं नाही.

वस्ताद दौंडला गेलेले, गॅरेजवर मी एकटा. भाऊ म्हणाला, "पुण्यात दाखवलं. स्टिअरिंगची अख्खी मोटर बदला म्हणले. हितं केडगावात दोनदा मशिन लावून दिवा घालवला, परत येतो. तू बी तेच कर, घालव निस्ता. लग्नानंतर बघू." मी स्कॅनर लावला. स्टिअरिंगच्या मोटरला वीज कमी पोचते, असा कोड आला. बटण दाबलं असतं तर तो पुसला गेला असता, दिवा विझला असता आणि गाडी निघून गेली असती. शिरूरच्या वाटेवर, पारगावच्या पुलाच्या वळणावर, उसाची ट्रॉली समोर आल्यावर चाक पुन्हा जड झालं असतं, किंवा नसतंही झालं. खोटं कशाला बोलू, माझं बोट त्या बटणावर होतं. डोक्यात जे आलं ते कागदावर लिहिणार नाही. तुम्ही समजून घ्या.

मी म्हणालो, "बघावं लागंल. वेळ लागंल." भाऊ खवळला. "आम्हाला येळ न्हाई. आन् तुला काय कळतंय त्यातलं? तुमच्यातली पोरं लई शिकत्यात म्हणं. तू कसा मधीच सोडलास?" माझ्या हातात तेव्हा मोठा पाना होता. मला फक्त त्याचं नाक दिसत होतं. तेवढ्यात मागून आवाज आला. कितीतरी महिन्यांनी ऐकला तो आवाज.

"दादा, घाई नगा करू. त्यांना नीट बघू द्या."

त्यांना. मला तिनं शटलमध्ये गाढव म्हटलंय, येडा म्हटलंय, एकदा सगळ्या डब्यासमोर 'ए कडेठाण' म्हणून हाक मारलीय. 'त्यांना' कधीच म्हटलं नव्हतं. पाना माझ्या हातातून आपोआप खाली गेला.

मग मी तुमच्यासारखं केलं. तुम्ही काही बिघडलं की सगळ्यात महागडी वस्तू सगळ्यात शेवटी बघायचात. मी बॅटरी बघितली, ठणठणीत. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या काळ्या टोकाला, दुसरी स्टिअरिंगच्या मोटरच्या काळ्या वायरला लावली आणि भावाला म्हणालो, गाडी चालू ठेवून चाक फिरवा. काटा जागेवर राहायला हवा होता. चाक फिरवलं की तो उडायचा. म्हणजे मोटर चांगली होती. वीज जिथून परत जाते, ती काळी वायर कुठंतरी नीट टेकत नव्हती. तिचा माग काढत मी बॅटरीचा ट्रे उचलला. खाली जिथं ती वायर गाडीच्या अंगाला बोल्टनं आवळलेली असते, तिथं हिरवा बुरा चढला होता. आणि त्या बुऱ्यात लाल थर. वाळलेलं कुंकू होतं ते, तांदळाचे दोन दाणे चिकटलेले, झेंडूची एक काळी पडलेली पाकळी.

तिची आई उतरून बघायला आली. मी म्हणालो, "मावशी, हितं नारळाचं पाणी वततं का कोण?"

"वततो की. दर अमावस्येला बॉनेट उघडून पूजा असती. आमची पोरगीच करायची. गाडीला काय हुयाला नको, दादा सारखा फिरतीवर असतो, म्हणून लई मनापासनं करायची." मग घाबरून म्हणाली, "मंग आता पूजा करायची न्हाई का?"

आपल्या घरी गाडीला हळदकुंकू कधीच नव्हतं. तुम्ही चौदा एप्रिलला बस धुऊन आरशाला निळी रिबीन बांधायचात, तेवढंच. मी म्हणालो, "करा की. पाणी फकस्त चाकाजवळ वता."

आणि मग मी ते खरवडलं, आबा. आधी कानशीनं, मग पॉलिशपेपरनं, पत्रा चकचकीत होईपर्यंत. तिनं उन्हातान्हात उभं राहून, डोळे मिटून वाहिलेलं कुंकू माझ्या नखांत गेलं. ती मागच्या सीटवर हात वर करून बसून होती, मी बॉनेटखाली वाकलेला, आणि मध्ये नुसती काच. ती बघत होती की नाही, मला माहीत नाही. नवा बोल्ट टाकला, आवळला, वर ग्रीस लावलं. मग कोड पुसला. आता पुसायला हरकत नव्हती.

तुमच्यावर मला राग आहे, तो आजच लिहून टाकतो. तुम्ही मला रट्टा घातलात आणि स्वतः आठवडाभर छातीवर हात चोळत, सोडा पीत, "गॅस झालाय" म्हणत बस चालवलीत. स्वतःच्या दुखण्यावर ते स्टिकर तुम्हीच लावलं होतंत. शिक्रापूरच्या अलीकडं तुम्ही बस कडेला घेतलीत, हँडब्रेक ओढलात, दार उघडून "उतरा रं" म्हणालात आणि मग स्टिअरिंगवर डोकं टेकलंत. कामगारांनी आम्हाला हे सांगितलं तेव्हा सगळे म्हणत होते, एकालाही ओरखडा आला नाही. मी नववीत होतो. मला वाटत होतं, मला आलाय की.

परवा तो राग बराचसा गेला. मागं माणसं बसल्यात, हे तुम्ही नुसतं बोलला नव्हतात.

गाडी चालवून बघायची राहिली होती. तिची आई चहा घेत टपरीवर थांबली. भाऊ माझ्या शेजारी बसला आणि फोनवर मांडववाल्याशी भांडायला लागला. ती ओल्या मेंदीमुळं उतरलीच नाही. शटलमध्ये आम्ही ठरवलं होतं की गाडी घ्यायची आणि मी तिला फिरवायचं. फिरवलं ते असं. तुमच्यासारखा आधी आरसा नीट केला. त्यात तिचे डोळे आले. माझ्याकडं बघत होते, भरलेले होते, आणि हात मेंदीचे, पुसताही येत नव्हते. मी आरसा रस्त्यावर वळवला.

दुभाजकातून वळायला पहिली जागा आली तिथं मी चाक फिरवलं असतं तर काम झालं असतं. स्टिअरिंग एका बोटानं फिरत होतं, दिवा विझलेला होता, गाडी बरी झाली हे मला तिथंच कळलं होतं. भाऊ फोनमध्येच होता.

ट्रायल तिथंच संपली होती, आबा. मी पुढच्या वळणापर्यंत गेलो.